सहीच्या आधीचा हिशेब

छोट्या विमानाच्या देखभालीचे पैसे कधी मागायचे आणि नेमके कशाचे मागायचे, हा विषय आमच्या क्षेत्रात उघडपणे फारसा बोलला जात नाही. परवान्यासाठी आम्ही इंजिन शिकतो, प्रोपेलर शिकतो, नियमांच्या परीक्षा देतो. परंतु काम झाल्यावर समोरच्याने बिल अडवून ठेवले तर काय करावे, यावर कोणत्याही वर्गात एक तासही खर्च होत नाही. मी ऐरोलीत राहतो. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या एका लहान देखभाल संस्थेत मी भागीदार आहे आणि पिस्टन इंजिनाच्या विमानांच्या कामावर सही करण्याचा, म्हणजे विमान उडण्यायोग्य आहे असे लिहून देण्याचा, अधिकार माझ्याकडे आहे. बिले पाठवणे आणि वसूल करणे हेही काम गेली काही वर्षे माझ्याच गळ्यात आहे. या दोन्ही कामांतून माझे एक ठाम मत बनले आहे: अभियंत्याचे पैसे त्याच्या सहीवर अवलंबून असता कामा नयेत, आणि ही गोष्ट काम सुरू होण्यापूर्वी कागदावर आली नाही तर ती नंतर कधीच येत नाही.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली, तेव्हा सोसायटीतल्या आणि नात्यातल्या कित्येकांनी "आता तुझी चांदी आहे" असे म्हणून माझे अभिनंदन केले. त्यामागची आपुलकी मला कळते, पण त्या विमानतळावरच्या कामाशी माझ्या कामाचा संबंध नावापुरताच आहे. एअरलाइनमधल्या अभियंत्याला महिन्याला पगार मिळतो. बिल कोणी कोणाला दिले आणि ते चुकते झाले की नाही, याच्याशी त्याचा संबंध येत नाही. माझा संबंध येतो तो दोन किंवा चार आसनांच्या विमानांशी, म्हणजे बहुतेक वेळा सेसना १५२ किंवा १७२ शी. एकेकाळी मुंबई परिसरात अशा विमानांचे घर म्हणजे जुहू होते. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली सुरू झाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले तेही जुहूलाच. आज राज्यातले वैमानिक-प्रशिक्षण बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदिया अशा ठिकाणी पांगलेले आहे आणि खासगी मालकांची विमाने जिथे हँगर मिळेल तिथे उभी असतात. त्यामुळे आम्ही पहाटे गाडीत टूलबॉक्स, कॉम्प्रेशन टेस्टर आणि टास्क कार्डांची, म्हणजे करायच्या कामांच्या याद्यांची, फाइल टाकून निघतो आणि ग्राहकाच्या हँगरमध्ये, त्याच्याच छपराखाली काम करतो. ही साधी वाटणारी गोष्ट वसुलीच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे, ते पुढे येईलच.

प्रश्नाचे मूळ समजण्यासाठी एका तपासणीचा प्रसंग सांगतो. एका खासगी मालकाच्या चार आसनी विमानाची शंभर तासांची तपासणी आमच्याकडे आली होती. इंजिन लायकमिंगचे, चार सिलिंडरांचे. बोलणी फोनवर झाली होती आणि रकमेचा आकडा ठरताना "विमान सुटले की पैसे", म्हणजे सही होऊन विमान उडायला मोकळे झाले की पैसे, असे त्यांनी सांगितले होते. तेव्हा या धंद्यात सर्वत्र हीच रीत होती. आम्ही काउलिंग म्हणजे इंजिनावरचे आवरण उतरवले, तेल काढले, ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून धातूचे कण दिसतात का ते पाहिले, प्लग काढून साफ केले, प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोचे टायमिंग तपासले आणि इंजिन गरम असतानाच कॉम्प्रेशन टेस्ट घेतली. या चाचणीत पिस्टन सर्वांत वरच्या बिंदूवर आणून सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाने हवा सोडतात आणि त्यातली किती टिकते ते दुसऱ्या गेजवर वाचतात. एक जण प्रोपेलर घट्ट धरून उभा असतो, कारण पिस्टन जरासा सरकला तरी हवेच्या दाबाने प्रोपेलर झटक्यात फिरतो. तीन सिलिंडर सत्तरच्या वर होते. चौथा पन्नासच्या आसपास अडकला. इंजिन पुन्हा चालवून, पुन्हा गरम करून चाचणी घेतली, तरी आकडा हलला नाही. अशा वेळी कान लावून ऐकावे लागते: हवा ऑइल फिलरमधून सुसत असेल तर दोष रिंगांकडे असतो, कार्बुरेटरच्या बाजूने येत असेल तर इनटेक व्हॉल्व्हकडे, आणि सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे. आवाज सायलेन्सरमधून येत होता. बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घातल्यावर व्हॉल्व्हच्या कडेचा एका बाजूचा रंग बाकीच्या गोलापेक्षा वेगळा दिसला. व्हॉल्व्ह नीट बसत नसला आणि एकाच जागी जळू लागला की तो असाच दिसतो.

आम्ही तो स्नॅग, म्हणजे दोष, लिहिला, फोटो जोडले आणि सिलिंडर उतरवावा लागेल असे मालकांना कळवले. त्यावर त्यांचे पहिले म्हणणे असे होते की विमान गेल्या आठवड्यापर्यंत व्यवस्थित उडत होते, म्हणून तूर्त सही करावी आणि दहा तास उडाल्यावर पुन्हा पाहावे. वरवर पाहता हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, कारण आकडा काठावर असेल तर थोडे उडवून पुन्हा चाचणी घेण्याची मुभा इंजिन बनवणारेही देतात. मात्र जळका व्हॉल्व्ह डोळ्यांनी पाहिल्यावर ती मुभा उरत नाही, कारण व्हॉल्व्हचा तुकडा हवेत तुटला तर एक सिलिंडर गेला एवढ्यावर ते थांबत नाही. आम्ही नकार दिला. तेव्हा त्यांनी विचारले, "साहेब, विमान तर सुटलेच नाही, मग पैसे कशाचे?"

हा प्रश्न त्यांनी उर्मटपणे विचारला नव्हता. त्यांना ते मनापासून तसेच वाटत होते, आणि म्हणूनच तो मला अधिक गंभीर वाटतो. त्यांच्या मनात आमच्या कामाचे फळ म्हणजे सही. सही नाही, तर काम नाही. वास्तविक त्या दिवशी आम्ही सर्वांत मोलाचे काम केले होते. ठाण्यात ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते, आणि अहवालात इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरली म्हणून कोणतीही सोसायटी ऑडिटरची फी बुडवत नाही. निदान बुडवू नये, हे सर्वांना मान्य असते. विमानाच्या तपासणीला मात्र हा साधा न्याय लागू होत नाही.

आमच्या संस्थेत सर्वांत ज्येष्ठ जे आहेत, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी त्या संध्याकाळी परतीच्या वाटेवर मला एक प्रश्न केला: "अरे, ज्याच्याकडे आपले पैसे अडकलेत, त्याच्या विमानावर आपली नजर तेवढीच कडक राहील का, हे स्वतःला विचारलेस का?" मला त्याचे उत्तर देता आले, कारण आम्ही सही केली नव्हती. परंतु ज्या अभियंत्याला महिनाअखेर दोन टेक्निशियनचा पगार द्यायचा आहे, घराचा हप्ता भरायचा आहे, आणि ज्याचे आधीचेच बिल त्या मालकाकडे थकलेले आहे, त्याच्यासमोर तोच जळका व्हॉल्व्ह आला तर त्याच्यावर किती ओझे येत असेल, याचा विचार करावा. तो अभियंता अप्रामाणिक असतो असे मी म्हणत नाही. पैसे सहीला बांधले की प्रामाणिक राहण्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या खिशातून जातो, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि अशी व्यवस्था विमानात बसणाऱ्या कोणाच्याही हिताची नाही. त्यात ते मालकही आले.

मग विमान अडवून ठेवता येत नाही का, असे काही जण विचारतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० मध्ये असा हक्क आहे: दुरुस्तीसाठी हाती सोपवलेल्या वस्तूवर ज्याने श्रम किंवा कौशल्य खर्च केले, तो उलट करार नसेल तर आपला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू आपल्याकडे ठेवू शकतो. कायद्यातच दोन दाखले दिले आहेत. पैलू पाडण्यासाठी हिरा घेतलेला जवाहिऱ्या पैसे मिळेपर्यंत हिरा ठेवू शकतो. पण ज्या शिंप्याने कोट शिवून होताच देण्याचे आणि पैशांसाठी तीन महिन्यांची उधारी ठेवण्याचे कबूल केले, त्याला कोट अडवता येत नाही. आमच्या क्षेत्रातले बहुतेक जण या दुसऱ्या शिंप्याच्या जागी असतात, कारण उधारी आम्ही स्वतःच कबूल केलेली असते. त्याहून मोठी अडचण म्हणजे हा हक्क वस्तू ताब्यात असेपर्यंतच टिकतो. विमान मालकाच्या हँगरमध्ये, किल्ली मालकाच्या पायलटकडे, आणि आम्ही टूलबॉक्स घेऊन आलेले पाहुणे; अशा स्थितीत ताबा आमचा होता असे सिद्ध करणे कठीण. स्वतःच्या हँगरमध्ये विमान घेणाऱ्या संस्थांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत मेकॅनिकचा असा बोजा ओक्लाहोमा सिटीतल्या एफएए या तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या नोंदणी कार्यालयात नोंदवता येतो आणि मग विमान विकताना तो मालकाला आडवा येतो. आपल्याकडे एवढ्या छोट्या बिलासाठी असे काही कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

लॉगबुक अडवून ठेवण्याचा मार्ग काही जण सुचवतात आणि मला तो मुळीच मान्य नाही. लॉगबुक हा विमानाचा इतिहास असतो. तो पुढच्या अभियंत्याला, पुढच्या वैमानिकाला लागतो. आम्ही जे केले आणि जे आढळले ते त्याच दिवशी लिहून मालकाच्या हाती पडलेच पाहिजे, कारण विमान उडण्यायोग्य ठेवण्याची मूळ जबाबदारी नियमाने मालकाची किंवा चालवणाऱ्या संस्थेची असते, आणि दोष त्याला ठाऊकच नसेल तर ती जबाबदारी तो पार कशी पाडणार? पैशांची भांडणे दोषांच्या यादीआड दडवणे हे माझ्या दृष्टीने सहीच्या मोहाइतकेच घातक आहे.

म्हणून आम्ही व्यवहाराची रचनाच बदलली. आता वर्क ऑर्डरचे दोन भाग असतात. पहिला भाग केवळ तपासणीचा: त्याची रक्कम ठरलेली, ती विमानाचे काउलिंग उघडण्यापूर्वी जमा व्हायला हवी, आणि निकाल काहीही लागला तरी ती परत होत नाही, असे मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत लिहून मालकाची सही घेतली जाते. दुसरा भाग दुरुस्तीचा: स्नॅग सापडल्यावर त्याचा अंदाजपत्रकी खर्च लिहून द्यायचा, मालकाने लेखी मंजुरी दिल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, आणि सुट्या भागांची पूर्ण रक्कम आगाऊ घ्यायची. सुट्या भागांच्या आगाऊ रकमेबद्दल काही जण नाराज होतात. त्यांना मी समजावून सांगतो की अमेरिकेतला विक्रेता माल पाठवण्यापूर्वी डॉलरमध्ये पैसे घेतो, भागासोबत ८१३०-३ हा प्रमाणपत्राचा कागद नसेल तर तो भाग कितीही चांगला असला तरी आम्ही बसवू शकत नाही, आणि बदली मिळणाऱ्या सिलिंडर किंवा मॅग्नेटोवर कोअर चार्ज नावाची अनामत वेगळी भरावी लागते. जुना भाग परत गेला आणि तो दुरुस्त होण्यासारखा निघाला तरच ती अनामत सुटते. जुन्या सिलिंडरला तडा असेल तर ती बुडते. हे सारे पैसे आमच्यासारख्या लहान संस्थेने स्वतःच्या खिशातून घालून पुढे ग्राहकाच्या सवडीची वाट पाहायची, हे चालण्यासारखे नाही.

जीएसटीचा जाचही याच गोष्टीशी जोडलेला आहे. विमान देखभालीच्या सेवेवरचा कर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही मोठीच सोय झाली; पण कर बिल काढले की लागू होतो, पैसे हाती येवोत अथवा न येवोत. एक लाखाच्या बिलावर पाच हजार रुपये आम्ही पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रासोबत सरकारजमा करतो आणि मूळ लाखाचा पत्ता नसतो. ग्राहक त्या कराचे क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून त्याची वजावट, घेत असेल तर मात्र एक उपाय असतो: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर घेतलेले क्रेडिट त्याला व्याजासह परत करावे लागते. स्मरणपत्रात ही तारीख लिहिली की हिशेबनीस लक्ष देतात. कापलेला टीडीएस आपल्या पॅनवर खरोखर जमा झाला आहे का, हेही दर तिमाहीला पाहावे.

सर्वांत उपयोगी पडला तो मात्र २००६ चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. त्याची माहिती मला विमान क्षेत्रातून मिळाली नाही. ती नौपाड्यातल्या आमच्या सनदी लेखापालांकडून मिळाली, आणि त्यांचे बहुतेक अशील वागळे इस्टेटमधले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले लहान कारखानदार आहेत. टर्निंगचे सुटे भाग बनवणाऱ्या माणसाचे आणि माझे दुखणे एकच आहे, हे त्यांच्या ऑफिसात बसल्यावर मला कळले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला त्याचे पैसे लेखी करारातल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिलेली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत; करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तरीही पैसे आले नाहीत तर राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येते, आणि कौन्सिलच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे असेल तर ग्राहकाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, लागते. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ती काम घेण्यापूर्वीच करून ठेवावी, कारण कामानंतर घेतलेल्या नोंदणीवरून न्यायालयांत बरेच वाद झाले आहेत. आयकर कायद्यातही १ एप्रिल २०२४ पासून अशी तरतूद लागू झाली की अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरला जातो. तेव्हापासून मार्चअखेरीस समोरच्या हिशेब विभागाचाच फोन येऊ लागला: "सर, तुमचे उद्यम प्रमाणपत्र पाठवता का? बिल या महिन्यात काढायचे आहे." ज्या ठिकाणी "फाइल वर गेली आहे" हे एकच उत्तर मिळत असे, तिथून हा फोन आल्यावर मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

प्रशिक्षण संस्थांबद्दल मला थोडी सहानुभूतीही आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते, विद्यार्थी फी हप्त्याहप्त्याने भरतात, आणि जून ते सप्टेंबर ढग खाली उतरले की उड्डाणाचे तास घटतात व त्याबरोबर हप्तेही लांबतात. त्या काळात बिल थकले तर त्यामागे नेहमी लबाडी असते असे नाही. ज्या संस्था जूनपूर्वी येऊन मोकळेपणाने हे सांगतात, त्यांना आम्ही हप्ते बांधून देतो. मात्र तेही लेखी.

खासगी मालकांच्या बाबतीत नेमका उलटा गैरसमज आढळतो. विमान वर्षभरात फारसे उडाले नाही, तर देखभालीचे बिल कमी यावे अशी त्यांची अपेक्षा असते. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत उभे राहिलेले इंजिन उडणाऱ्या इंजिनापेक्षा लवकर बिघडते. लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन आठवडेच्या आठवडे बंद राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते, कॅमच्या उंचवट्यांवर गंज धरतो, खड्डे पडतात, आणि पुढे फिल्टरमध्ये धातूचा कीस दिसू लागतो. तोवर दुरुस्ती म्हणजे इंजिन फोडणे असते. हे मी आता पहिल्या भेटीतच सांगतो, तपासणी तासांबरोबर तारखेनेही करावी लागते हे सांगतो, आणि मगच आकडा सांगतो. आधी कारण कळले की आकड्यावरची घासाघीस बरीच कमी होते.

नव्या रचनेला बहुतेक ग्राहकांनी मान्यता दिली. ज्यांच्या जळक्या व्हॉल्व्हमुळे हा विचार सुरू झाला, त्या मालकांनी सिलिंडर बदलून घेतला, दुरुस्तीचे पैसेही दिले, परंतु पहिल्या तपासणीची रक्कम त्यांनी आजतागायत मान्य केलेली नाही. पुढच्या तपासणीसाठी आगाऊ रक्कम भरण्याऐवजी त्यांनी दुसरी संस्था निवडली. त्यांच्या विमानाच्या कामाची टास्क कार्डे, फोटो आणि सिलिंडरचे प्रमाणपत्र यांच्या प्रती आम्ही यादीनिशी नव्या संस्थेच्या अभियंत्याकडे पाठवल्या, कॉम्प्रेशनचे चारही आकडे त्यांना फोनवर वाचून दाखवले, आणि थकलेल्या बिलाचे स्मरणपत्र मालकांना वेगळ्या टपालाने पाठवले.